शब्द आधी, चाल नंतर

न्यूयॉर्कमधील लिंकन सेंटरच्या व्हिव्हियन बोमाँट नाट्यगृहातून १८ ऑगस्ट २०१० च्या रात्री ‘साउथ पॅसिफिक’ या संगीत नाटकाचा प्रयोग अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपित झाला. १९४९ साली रंगभूमीवर आलेले हे नाटक १९५४ मध्ये बंद झाले आणि त्यानंतर ब्रॉडवेने ५४ वर्षे त्याला हात लावला नाही. दिग्दर्शक बार्टलेट शेर यांनी एप्रिल २००८ मध्ये ते नव्या संचात पुन्हा उभे केले. प्रारंभीची सुरावट सुरू होते, रंगमंचाची जमीन हळूहळू मागे सरकते आणि तिच्याखाली बसलेला ३० वादकांचा ताफा उघडा होतो. वाद्यमेळाची रचना रॉबर्ट रसेल बेनेट यांनी मूळ प्रयोगासाठी केली होती, तीच. चित्रण पाहणाऱ्याच्या लक्षात प्रथम राहते ते हे दृश्य.

त्या चित्रणाचे खरे मोल मात्र दुसऱ्या अंकात कळते. दुसऱ्या महायुद्धाचा काळ आहे. पॅसिफिक महासागरातील एका बेटावर अमेरिकन नौदलाचा तळ पडला आहे. आर्कान्सॉ राज्यातील लिटल रॉक या गावची परिचारिका नेली हिचे मन एमिल या फ्रेंच मळेवाल्यावर जडले आहे. त्याच्या दोन मुलांची दिवंगत आई पॉलिनेशियन होती, हे समजताच ती मागे फिरते. तळावरचा तरुण लेफ्टनंट केबल लियात नावाच्या टोंकिनी मुलीवर जीव टाकतो, पण तिच्याशी लग्न करण्याचे धैर्य त्याला होत नाही. असे का, असे एमिल विचारतो. केबल गाण्यातून उत्तर देतो. गाणे मिनिटभरापेक्षा फारसे मोठे नाही, चाल बालगीतासारखी साधी आहे. द्वेष घेऊन कोणी जन्माला येत नाही, तो लहानपणीच घरच्यांनी पढवावा लागतो, एवढाच त्याचा आशय. नाट्यगृहात विसाव्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत हे गाणे चालीसकट पोहोचते आणि निघून जाते. इथे कॅमेरा गाणाऱ्याच्या चेहऱ्याजवळ असतो, त्यामुळे एकेक शब्द ओठांवर येताना दिसतो. तो तरुण हे गाणे दुसऱ्या कोणावर रागावून म्हणत नाही. स्वतःच्या रक्तात काय भिनवले गेले आहे, याचा शोध त्याला त्याच क्षणी लागतो आहे.

ते शब्द लिहिणाऱ्या ऑस्कर हॅमरस्टीन यांच्या निधनाला त्या रात्री ५० वर्षे पुरी व्हायला पाच दिवस उणे होते.

हॅमरस्टीन हे नाव ब्रॉडवेवर त्यांच्या आधीच गाजले होते. आजोबांचेही नाव ऑस्करच. प्रशियातून न्यूयॉर्कला आलेला हा माणूस सिगार वळण्याच्या यंत्रांत सुधारणा करून पेटंटे घेई आणि त्यातून आलेला पैसा नाट्यगृहे व ऑपेरा यांत ओती. पुढे टाइम्स स्क्वेअर म्हणून ओळखल्या गेलेल्या भागात त्यांनी एकामागून एक नाट्यगृहे बांधली. १९०६ साली उघडलेल्या त्यांच्या मॅनहॅटन ऑपेरा हाउसने बड्या मेट्रोपॉलिटन ऑपेराला असे जेरीस आणले, की दहा वर्षे ऑपेरा करू नये म्हणून १९१० मध्ये त्यांना १२ लाख डॉलर मोजण्यात आले. तो पैसाही त्यांच्याजवळ टिकला नाही, हे सांगायला नकोच.

अशा घरात १२ जुलै १८९५ रोजी नातू ऑस्कर जन्मला. वडील विल्यम हे आजोबांच्या व्हिक्टोरिया नाट्यगृहाचे व्यवस्थापक होते. रंगभूमीने घरची आवक-जावक कशी हेलकावते ते रोज पाहिल्यामुळे असेल, पण मुलाने या धंद्यात पाऊल टाकू नये, वकील व्हावे, असा त्यांचा कटाक्ष होता. ऑस्कर पंधरा वर्षांचा असताना आई गेली. १९१४ मध्ये वडीलही गेले. कोलंबिया विद्यापीठात कायद्याच्या पुस्तकांपेक्षा विद्यार्थ्यांच्या नाटकांत त्याचा जीव रमू लागला होता. अखेर १९१७ मध्ये त्याने कायदा सोडला आणि निर्माते असलेल्या काकांकडे साहाय्यक रंगमंच व्यवस्थापक म्हणून नोकरी धरली.

ऑटो हार्बाक या अनुभवी लेखकाच्या हाताखाली त्यांनी नाटकाची बांधणी शिकून घेतली. ‘रोझ-मरी’ (१९२४) आणि ‘द डेझर्ट साँग’ (१९२६) या नाटकांनी त्यांना नाव आणि पैसा दिला. त्या काळच्या संगीत नाटकात कथानक म्हणजे गाणी टांगण्याची खुंटी असे. संगीतकार आधी चाल देई आणि गीतकार तिच्यावर शब्द बसवी. चाल गोड आणि नटी देखणी असली, की शब्दांकडे कोणाचे लक्ष जात नसे.

या चौकटीला त्यांनी पहिला धक्का दिला तो जेरोम कर्न यांच्यासह केलेल्या ‘शो बोट’ या नाटकाने. २७ डिसेंबर १९२७ रोजी झिगफेल्ड नाट्यगृहात त्याचा प्रयोग लागला. मिसिसिपी नदीवर गावोगाव खेळ करत फिरणाऱ्या बोटीची ही कथा एडना फर्बर यांच्या कादंबरीवरून घेतली होती. पडदा उघडताच नृत्यांगनांची रांग पाहायला सरावलेल्या प्रेक्षकाला समोर कापसाच्या गासड्या वाहणारे कृष्णवर्णीय मजूर दिसले. कंपनीतली नायिका ज्यूली हिच्या अंगात कृष्णवर्णीय रक्त असल्याचे उघडकीस येते. गोऱ्या पुरुषाशी तिचे लग्न हा त्या राज्यात गुन्हा. पोलीस दारात येण्यापूर्वी नवरा तिच्या बोटावर चाकूने चीर देतो आणि ते रक्त चोखतो, म्हणजे आपल्याही अंगात तसले रक्त आहे, असे त्याला शपथेवर सांगता यावे. १९२७ साली गाण्यांच्या नाटकात हा प्रसंग लिहिणारा लेखक ३२ वर्षांचा होता. ‘साउथ पॅसिफिक’मधील त्या छोट्या गाण्याचे बीज इथे आहे.

त्यानंतरचा काळ कठीण गेला. १९३२ मधील ‘म्युझिक इन दि एअर’ चालले, पण पुढची दहा वर्षे बहुतेक पडझडीची ठरली. लंडनमध्ये दोन नाटके पडली. हॉलिवूडमध्ये पगार भरपूर मिळाला, पण हातून फारसे काही घडले नाही. १९३९ चे ‘व्हेरी वॉर्म फॉर मे’ ५९ प्रयोगांत आटोपले, १९४१ चे ‘सनी रिव्हर’ ३६ प्रयोगांत. हॅमरस्टीन संपले, असे ब्रॉडवेवर उघड बोलले जाऊ लागले. या वर्षांत त्यांनी दोन गोष्टी केल्या. हिटलरच्या राजवटीविरुद्ध हॉलिवूडमध्ये १९३६ साली स्थापन झालेल्या संघटनेत ते आरंभापासून होते. आणि पेनसिल्व्हेनियातील डॉइल्सटाउनजवळ त्यांनी एक शेत व घर घेतले. त्या घरात उभ्याने लिहायच्या मेजापाशी तासन् तास येरझारा घालत लिहिण्याची सवय त्यांना जडली. पुढची बहुतेक गाणी तिथलीच.

शेजारधर्मातूनही पुढे एक मोठी गोष्ट घडली. त्या परिसरात आईबरोबर राहायला आलेला एक पोरका झाल्यासारखा मुलगा त्यांच्या घरी पडीक असे. पंधराव्या वर्षी त्याने शाळेसाठी लिहिलेले संगीत नाटक मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे ठेवले. एखाद्या धंदेवाईक लेखकाचे हस्तलिखित तपासावे तसे त्यांनी ते ओळीओळीने तपासले, फाडून काढले आणि नाटक कसे लिहितात ते एका दुपारात त्याला समजावले. तो मुलगा म्हणजे स्टीफन सॉन्डहाइम. २०२१ मध्ये निधन होईपर्यंत ती दुपार ते सांगत राहिले.

१९४२ मध्ये थिएटर गिल्ड या संस्थेने लिन रिग्ज यांच्या एका नाटकावरून संगीत नाटक करण्याचा प्रस्ताव संगीतकार रिचर्ड रॉजर्स यांच्यापुढे ठेवला. रॉजर्स यांचे नेहमीचे गीतकार लॉरेन्झ हार्ट मद्याच्या आहारी गेले होते, त्यांना विषयही रुचला नाही. हॅमरस्टीन यांना मात्र हेच नाटक आधीपासून करायचे होते, आणि कर्न यांनी नकार दिल्यामुळे ते राहून गेले होते. दोघे एकत्र आले आणि त्यांनी कामाची रीतच उलटी केली. आता शब्द आधी लिहिले जाऊ लागले, चाल नंतर. हॅमरस्टीन एका गाण्यावर तीन-तीन आठवडे घालवत. पिकाची उंची लिहायची तर शेजाऱ्याच्या मक्याच्या शेतात जाऊन पाहून येत. तो कागद हाती पडला, की रॉजर्स काही मिनिटांत चाल बांधून मोकळे होत. याचे हॅमरस्टीन यांना थोडे वैषम्यही वाटे, आणि ते स्वाभाविक होते.

‘ओक्लाहोमा!’ ३१ मार्च १९४३ रोजी लागले आणि त्याचे २,२१२ प्रयोग झाले. त्याच वर्षी डिसेंबरात संपूर्ण कृष्णवर्णीय संचातले त्यांचे ‘कार्मेन जोन्स’ही यशस्वी झाले. रिवाजाप्रमाणे नववर्षाच्या अंकात त्यांनी ‘व्हरायटी’ या धंद्याच्या पत्रात जाहिरात दिली. तिच्यात यशाचा उल्लेख नव्हता. पडलेल्या नाटकांची नावे ओळीने छापली होती, प्रत्येक किती आठवडे चालले तेही दिले होते, आणि पूर्वी हे जमले आहे तसे पुन्हाही जमेल, अशी तळटीप होती. यशाच्या शिखरावर उभे राहून अशी जाहिरात देणारे त्या धंद्यात थोडेच.

‘कॅरोसेल’ (१९४५) झाले. ‘अॅलेग्रो’ (१९४७) फसले. मग जेम्स मिचनर यांच्या कथासंग्रहातून ‘साउथ पॅसिफिक’ आकाराला आले. मिचनर हेही डॉइल्सटाउनचेच. या नाटकाच्या विषयाला हॅमरस्टीन यांच्या घरातलाच एक धागा होता. दुसऱ्या पत्नी डॉरोथी या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या. त्यांच्या बहिणीचे यजमान अर्धे जपानी होते. पर्ल हार्बरनंतर केवळ त्या कारणासाठी त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. वंशाचा प्रश्न हॅमरस्टीन यांनी फक्त वर्तमानपत्रांत वाचलेला नव्हता.

नाटकाची घडण पाहिली तर ही जोडी कशी काम करी ते कळते. एमिलच्या भूमिकेसाठी इटालियन ऑपेरा गायक एझिओ पिंझा यांना घेतले होते. एवढ्या भरदार आवाजापुढे आपण कसे गायचे, अशी धास्ती नेली साकारणाऱ्या मेरी मार्टिन यांना होती. मग पहिल्याच प्रवेशात दोघे एकमेकांशी न गाता, आळीपाळीने मनातल्या मनात गातात, असा तोडगा काढला गेला. एकमेकांकडे पाहणारी, बोलायला धजत नसलेली दोन माणसे आणि त्यांचे स्वतंत्र विचार. अडचणीतून निघालेली ही युक्ती नाटकाचा प्राणच होऊन बसली. दूरचित्रवाणीच्या चित्रणात केली ओहारा आणि पाउलो शॉट यांचे चेहरे आळीपाळीने जवळून दिसतात तेव्हा हा प्रवेश कॅमेऱ्यासाठीच लिहिला असावा, असे वाटते.

एक गोष्ट मात्र हॅमरस्टीन यांच्या लौकिकाला साजेशी घडली नाही. लष्करी तळावरची भाषा त्यांना साधत नव्हती. दिग्दर्शक जोशुआ लोगन युद्धात सैन्यात होते. ते डॉइल्सटाउनला येऊन राहिले आणि संवादांचा मोठा भाग दोघांनी मिळून लिहिला. लोगन यांनी सहलेखक म्हणून नाव मागितले, हॅमरस्टीन यांनी ते तात्काळ मान्य केले. परंतु लेखनाच्या मानधनात वाटा देण्याची गोष्ट निघाली तेव्हा नकार आला. १९५० चे पुलित्झर पारितोषिक जाहीर झाले त्यात तर लोगन यांचे नाव आधी राहूनच गेले होते, ते मागाहून घालण्यात आले. पुढे लोगन यांनी आत्मचरित्रात हे सगळे लिहिले. रंगमंचावर न्यायाची बाजू घेणारा लेखक व्यवहाराच्या मेजावर रॉजर्स आणि वकील यांच्यापुढे गप्प बसला, असेच म्हणावे लागते.

जिथे बोलायला हवे होते तिथे ते बोललेही. केबलचे ते गाणे नाटकाला मारक ठरेल, ते काढून टाका, असा सल्ला त्यांना अनेकांनी दिला. रॉजर्स आणि ते दोघेही ठाम राहिले. या गाण्यासाठीच नाटक आहे, नाटक पडले तरी हरकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. ७ एप्रिल १९४९ रोजी नाटक लागले आणि १,९२५ प्रयोग झाले. १९५३ मध्ये दौऱ्यावरचा संच अटलांटाला गेला, तेव्हा जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळातील दोन सदस्यांनी मॉस्कोप्रेरित विचार पसरवणाऱ्या करमणुकीवर बंदी घालणारे विधेयक आणण्याचा घाट घातला. माणुसकीचा प्रत्येक विचार मॉस्कोतूनच यायला हवा का, अशा आशयाचे उत्तर हॅमरस्टीन यांनी दिले. नेलीचे गाव लिटल रॉक १९५७ मध्ये जगभर गाजले. तिथल्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना जाता यावे म्हणून लष्कर धाडावे लागले होते.

बार्टलेट शेर यांच्या प्रयोगाने या बाबतीत मूळ नाटकाच्याही पुढे पाऊल टाकले. १९४९ च्या तालमींत आणि पूर्वप्रयोगांत सौम्य करण्यासाठी वगळलेले काही शब्द त्यांनी परत घातले. एमिलच्या दिवंगत पत्नीच्या वर्णाविषयी नेली बोलते, तो कडवट उल्लेख त्यांतलाच. तळावरचे कृष्णवर्णीय सैनिक गोऱ्यांच्या घोळक्यापासून वेगळे उभे केले आहेत. त्यावर कोणी काही बोलत नाही. कॅमेरा संपूर्ण रंगमंच दाखवतो तेव्हा ते अंतर दिसते.

नाटकाची मर्यादाही हेच चित्रण लपू देत नाही. लियात जवळजवळ मुकीच आहे. आई ब्लडी मेरी तिच्यासाठी बोलते, गाते आणि सौदाही तीच करते. केबल मोहिमेवर मारला जातो, त्यामुळे त्या लग्नाचा प्रश्न लेखकाला सोडवावा लागत नाही. पौर्वात्य माणसांविषयी हॅमरस्टीन यांना कळकळ होती, पण त्यांना बाहेरूनच पाहण्याची सवय पुरती सुटली नाही. ‘द किंग अँड आय’ (१९५१) पाहतानाही हे खटकते. कळकळ मात्र खरी होती. आशियाई आणि मिश्रवंशीय मुलांना दत्तक घ्यायला त्या काळच्या संस्था तयार नसत. म्हणून लेखिका पर्ल बक यांनी १९४९ मध्ये ‘वेलकम हाउस’ सुरू केले, तेव्हा शेजारचे हॅमरस्टीन दांपत्य त्यांच्यामागे उभे राहिले.

१९४९ मध्येच हॅमरस्टीन यांनी आपल्या गीतांचे पुस्तक काढले. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याविषयी लिहिले आहे. वरून घेतलेल्या एका छायाचित्रात त्यांना पुतळ्याच्या माथ्यावरील केसांची घडण दिसली. तो पुतळा घडवला गेला तेव्हा विमान नव्हते. समुद्रपक्ष्यांखेरीज तो माथा कोणी पाहील, अशी शिल्पकाराला कल्पनाही नसणार. तरी केस चेहऱ्याइतक्याच काळजीने कोरले होते. गीतकारानेही असेच लिहावे, असे त्यांचे म्हणणे होते. विसाव्या रांगेसाठी लिहिलेले शब्द पुढे कॅमेरा इतक्या जवळून न्याहाळील, हे तेव्हा त्यांच्याही ध्यानात नसावे.

दूरचित्रवाणीशी त्यांची गाठ मात्र लवकरच पडली. रॉजर्स यांच्यासह त्यांनी खास या माध्यमासाठी लिहिलेले ‘सिंड्रेला’ ३१ मार्च १९५७ रोजी थेट प्रक्षेपित झाले. नायिका ज्यूली अँड्र्यूज होत्या आणि प्रेक्षकसंख्या दहा कोटींवर गेल्याचे सांगितले गेले. आज उरले आहे ते पडद्यावरून उतरवून घेतलेले कृष्णधवल चित्रण. ब्रॉडवेवरील त्यांच्या कोणत्याही नाटकाला इतके प्रेक्षक वर्षानुवर्षांत लाभले नव्हते.

अखेरचे नाटक आपल्याकडच्या शहरांत सर्वांत परिचित आहे, अर्थात ते १९६५ च्या चित्रपटामुळे. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ची तयारी चालू असताना सप्टेंबर १९५९ मध्ये हॅमरस्टीन यांच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली आणि कर्करोगाचे निदान झाले. ते बरे वाटताच बोस्टनच्या पूर्वप्रयोगांना हजर राहिले. देश सोडून जाणाऱ्या कॅप्टनला निरोपाचे एक गाणे हवे होते. आल्प्समधल्या एका पांढऱ्या फुलावर त्यांनी मोजक्या, अगदी साध्या शब्दांत ते लिहून दिले. ‘एडलवाइस’ हे त्यांचे शेवटचे गाणे. ते ऑस्ट्रियाचे जुने लोकगीत आहे, अशी अनेकांची समजूत आजही आहे.

२३ ऑगस्ट १९६० रोजी डॉइल्सटाउनच्या त्याच घरी त्यांचे निधन झाले. १ सप्टेंबरच्या रात्री टाइम्स स्क्वेअरचे दिवे एक मिनिट मालवण्यात आले. त्यांच्या आजोबांनी नाट्यगृहे उभारली होती ती याच भागात. लंडनच्या नाट्यगृहांनीही आपले दिवे मंद केले.